जुन्या संगणकाची पाठवणी

(भाषणाचा मजकूर)



पेढीवरची जुनी खतावणी रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्याची रीत व्यापारी समाजात कधीच नव्हती. दिवाळीला नवी वही पूजेला बसली, की जुनी वही लाल फडक्यात बांधली जाऊन माळ्यावर जाई आणि दहा-पंधरा वर्षे तेथेच राही. कोणाची उधारी किती थकली, कोणाच्या घरच्या लग्नाचा बस्ता कितीचा बांधला, कोणत्या आडत्याकडून माल काय भावाने उचलला, हे सारे त्या वहीत असे. ते परक्याच्या हाती पडू नये एवढी समज दिवाणजीलाही असे. पुढे वहीच्या जागी संगणक आला. वहीपूजनाच्या दिवशी त्याच्यावरही कुंकवाचे स्वस्तिक निघू लागले. परंतु तोच संगणक जुना झाला की भंगारवाल्याच्या हातगाडीवर वजनाच्या भावाने चढतो, आणि पोटात दहा वर्षांच्या खतावण्या घेऊन जातो. वहीची जी काळजी घेतली गेली ती संगणकाच्या वाट्याला येत नाही, याचे कारण बेपर्वाई हे नव्हे. वहीतील अक्षर डोळ्यांना दिसते, चकतीवरील अक्षर दिसत नाही, एवढेच ते कारण आहे.

या विषयाला एक ताजे निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना, नोंदणी केल्यास, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा अद्यतने देण्याची सोय तिने ठेवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१८ च्या सुमारापासूनचा प्रक्रियक लागतो. परिणाम असा, की ज्या यंत्रांत कसलाही बिघाड नाही, ज्यांवर बिले निघतात, हिशेब होतात, अशी असंख्य यंत्रे दुकानांतून, घरांतून आणि संस्थांच्या कार्यालयांतून एकाच वेळी ‘जुनी’ ठरली. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला तेव्हाही असेच घडले होते. कापडाच्या धंद्यात चालू माल एका रात्रीत ‘गेल्या हंगामाचा’ होतो, त्याचाच हा प्रकार. कापड मात्र निदान अंगावर तरी घालता येते.

प्रश्न असा, की अशा यंत्राचे करायचे काय? विकावे, कोणाला द्यावे, की मोडीत काढावे? तिन्ही वाटा खुल्या आहेत. मात्र तिन्ही वाटांवर एकच जकातनाका आहे आणि तो प्रथम ओलांडावा लागतो. तो म्हणजे आतील माहिती.

संगणकावरील फाइल पुसली, अगदी ‘रिसायकल बिन’ही रिकामी केली, म्हणजे माहिती गेली, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात साध्या हार्ड डिस्कवर त्या क्षणी पुसली जाते ती फक्त अनुक्रमणिकेतील नोंद. खतावणीच्या आरंभी कोणाचे खाते कोणत्या पानावर हे सांगणारी यादी असते. ती यादी फाडली तर खाते शोधणे कठीण होईल, पण पाने जागच्या जागीच राहतील. झटपट फॉरमॅट करण्यानेही बव्हंशी एवढेच होते. हरवलेल्या फाइली परत मिळवून देणारी साधी, फुकट मिळणारी साधने ही पाने उलटून वाचू शकतात.

हे काल्पनिक भय नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील सिमसन गार्फिन्केल आणि अभी शेलट या दोन अभ्यासकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या. या १२९ पैकी नीट स्वच्छ केलेल्या किती निघाल्या? केवळ १२. उरलेल्यांत पत्रे होती, वैद्यकीय मजकूर होता आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. एक डिस्क तर चक्क बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातील निघाली. विकणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण यंत्राबरोबर आणखी काय विकले याची कल्पनाही नसावी.

दुकानाच्या संगणकात काय काय असते याचा एकदा शांतपणे विचार करावा. टॅलीचा डेटा असतो. ग्राहकांची नावे, भ्रमणध्वनी क्रमांक आणि थकबाकी असते. नोकरांच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती असतात. जीएसटीच्या संकेतस्थळाचा आणि बँकेचा परवलीचा शब्द ब्राउझरने ‘लक्षात’ ठेवलेला असतो. घरच्या समारंभांची छायाचित्रेही कोणीतरी तेथेच साठवलेली असतात. संस्थेच्या संगणकात देणगीदारांची यादी असते, आणि कित्येक देणगीदारांनी आपले नाव जाहीर करू नये असे सांगून देणगी दिलेली असते. तो शब्द पाळण्याची जबाबदारी यंत्र विकल्याने संपत नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू होण्यासाठी अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या पेढीवर एवढा दंड कोणी लावणार नाही हे खरे असले, तरी गिऱ्हाइकाची थकबाकी बाजारात बोलली जाणे हा व्यापाऱ्याला कायद्याहून मोठा दंड होय.

म्हणून पहिले काम प्रत काढण्याचे. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेबाची पुस्तके सांभाळावी लागतात. तेव्हा जुन्या यंत्रातील हिशेब दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यावेत. नुसते उतरवून भागत नाही. ती प्रत नव्या यंत्रावर उघडते का, शेवटच्या वर्षाची शिल्लक जुळते का, हे पाहिल्याखेरीज जुन्या यंत्राला हात लावू नये. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून ‘सरेंडर’ करावा लागतो, नाहीतर नव्या यंत्रावर तो सुरू करताना खोळंबा होतो. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन यूएसबीच्या खाचेत तसाच राहून गेला, तर सही दुसऱ्याच्या हाती गेली असे समजावे.

मराठी मजकुराबाबत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकची आयएसएम यांवर टंकलेल्या जुन्या फाइली बहुधा युनिकोडमध्ये नसतात. तो फाँट आणि ती प्रणाली असलेले यंत्र गेले, की त्या फाइली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. संस्थांची इतिवृत्ते, जुन्या अहवालांचे मजकूर, आमंत्रणपत्रिका, सभासदांच्या याद्या अशा फाइलींत अडकून पडलेल्या असतात. यंत्र जाण्यापूर्वी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे, निदान पीडीएफ तरी करून ठेवावी. काही जुन्या आवृत्त्यांना ‘डाँगल’ नावाची किल्ली यंत्राच्या पाठीमागे लावावी लागे. तीही काढून घ्यावी, कारण किल्लीविना ती प्रणाली चालत नाही.

यानंतर पुसण्याचे काम. चकती फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्यावर सर्वत्र एकदा नवे काहीतरी लिहिणे, म्हणजे ‘ओव्हरराइट’ करणे, हा उपाय. सात-सात वेळा लिहावे लागते असे जुने जाणते सांगतात. पण अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण-संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार आजच्या डिस्कना सर्वसाधारणपणे एक वेळ पुरते. पाचशे जीबीच्या डिस्कला त्यासाठी दीड-दोन तास लागतात, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुटीत हे काम होते. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘रीसेट’ करताना ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि पुढे ‘क्लीन डेटा’ असे पर्याय येतात. यांतील दुसरा निवडायला लोक विसरतात आणि सारा खटाटोप वाया जातो. अलीकडच्या एसएसडीची गोष्ट वेगळी आहे. ती स्वतःच्या सोयीने मजकूर आतल्या आत हलवीत असते, म्हणून वरून लिहिल्याने सर्व जागा पुसली गेल्याची खात्री देता येत नाही. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञा वापरावी. आधीपासूनच बिटलॉकरसारख्या साधनाने सर्व मजकूर कुलूपबंद ठेवला असेल तर काम आणखी सोपे होते.

हे सारे जमण्यासारखे नसेल तर सर्वांत सरळ मार्ग असा, की डिस्क काढून घ्यावी आणि डिस्कविना यंत्र द्यावे. चार स्क्रू काढायचे काम आहे. लहान क्षमतेची नवी एसएसडी घालून दिली तर यंत्राचा वेगही वाढतो आणि देणाऱ्याची झोपही शाबूत राहते. जुनी डिस्क तिजोरीत ठेवावी किंवा ड्रिलने आरपार भोके पाडून नष्ट करावी. लोहचुंबक फिरवण्याचा घरगुती उपाय पुष्कळांना ठाऊक असतो, पण दुकानात मिळणाऱ्या चुंबकाने काही साधत नाही. आणि हो, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्येही अशीच एक हार्ड डिस्क असते. कॅमेरे बदलताना ती डीव्हीआरबरोबर निघून जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

आता विक्री. संगणक विकायचा असेल तर लवकर विकावा. माळ्यावर चार वर्षे ठेवून ‘पुढे पाहू’ म्हणणाऱ्याला पुढे फक्त वजनाचा भाव मिळतो. किंमत ठरवताना मूळ बिलातील आकडा मनातून काढून टाकावा. प्रक्रियक कोणत्या पिढीचा, रॅम किती, डिस्क कोणती आणि विंडोज ११ त्यावर चालते का, या चार गोष्टींवर भाव ठरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ओएलएक्ससारख्या ठिकाणी त्याच जातीची यंत्रे काय मागणीने उभी आहेत हे पाहिले, की अंदाज येतो. मात्र मागणीचा भाव आणि सौद्याचा भाव यांतील अंतर व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. यंत्राच्या पेटीवर विंडोजचे चिकटपत्र असेल तर तो परवाना बहुधा त्या यंत्रापुरताच असतो, तो यंत्राबरोबर जाऊ द्यावा. विकताना खरेदीदाराचे नाव, ओळखपत्राची प्रत आणि यंत्राचा अनुक्रमांक घालून पावती करावी. उद्या त्या यंत्रावरून कोणी गैरप्रकार केला, तर यंत्र कोणत्या तारखेला हातातून गेले हे दाखवणारा एवढाच कागद असतो.

हिशेबाची बाजूही पाहिली पाहिजे. संगणकावरील घसारा पूर्वी ६० टक्के होता, तो आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून ४० टक्के झाला. चाळीस हजारांचा संगणक ४० टक्क्यांच्या घटत्या शिल्लक पद्धतीने पाच वर्षांत पुस्तकात ३,११० रुपयांवर येतो. विक्रीची रक्कम त्या गटाच्या एकूण शिल्लक मूल्यातून वजा होते, म्हणून लहान विक्रीत सहसा वेगळा नफा उभा राहत नाही. जीएसटीची गोष्ट थोडी बारकाईची आहे. खरेदीच्या वेळी इनपुट क्रेडिट घेतले असेल तर विकताना दोन आकडे काढावे लागतात. एक विक्रीच्या किमतीवरील कर. दुसरा, घेतलेल्या क्रेडिटमधून बिलाच्या तारखेपासून प्रत्येक तिमाहीला पाच टक्के वजा जाऊन उरलेली रक्कम. यांतील मोठा आकडा भरायचा. उदाहरणार्थ, ४०,००० रुपयांच्या यंत्रावर १८ टक्क्यांप्रमाणे ७,२०० रुपयांचे क्रेडिट घेतले आणि तीन वर्षांनी ते १०,००० रुपयांना विकले. विक्रीवरील कर १,८०० रुपये होतो, पण बारा तिमाहींचे ६० टक्के वजा जाऊन क्रेडिटचे २,८८० रुपये उरतात. म्हणून भरणा २,८८० रुपयांचा. पाच वर्षे उलटली की हा दुसरा आकडा शून्य होतो.

यंत्र फुकट दिले म्हणजे कराचा प्रश्नच नाही, असेही गृहीत धरू नये. क्रेडिट घेतलेली व्यवसायाची मालमत्ता मोबदल्याविना कायमची हस्तांतरित केली, तरी कायदा तिला पुरवठाच मानतो. तसेच १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-जी कलमाखाली सवलत होती ती पैशाच्या रूपातील देणगीला, वस्तूला नव्हे. संगणक देऊन ८०-जीची पावती मागणे आणि ती देणे, दोन्ही अयोग्यच. दाता अधिक चांगला, की संगणक विकून त्याचे पैसे देणारा, हा प्रश्न मग साहजिकच उभा राहतो. जेथे यंत्राची खरी गरज आहे तेथे यंत्र द्यावे, जेथे नाही तेथे पैसे द्यावेत, असे त्याचे व्यवहारी उत्तर आहे.

दानाचा विषय येथे थोडा विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण चुका बहुतांशी येथे होतात. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेला मिळालेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढते. एकदा ती चढली, की ती बंद पडली तरी मुख्याध्यापकांना सहज टाकून देता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव, तपासणी, मंजुरी अशा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तोवर ते यंत्र जागा अडवून बसते. ज्या शाळेत चार वर्गांना दोनच खोल्या आहेत, त्या शाळेत निम्मी खोली बंद मॉनिटर आणि धूळ खाणाऱ्या पेट्यांनी व्यापली, तर त्या दानाने मुलांची बसायची जागा काढून घेतली असेच म्हणावे लागेल. देणाऱ्याचा फोटो छापून आलेला असतो, आणि घेणाऱ्याच्या गळ्यात लोढणे पडलेले असते. डागी माल ताग्याच्या आतल्या घडीत घालून विकणारा व्यापारी बाजारात टिकत नाही. फुकट मिळालेल्या मालाची तक्रार मात्र कोणी करत नाही, म्हणून तो खुशाल दिला जातो.

तेव्हा आधी विचारावे. शाळेत वीज किती तास असते, अर्थिंग आहे का, शिकवणारे कोणी आहे का, आणि मुख्य म्हणजे संगणक हवाच आहे का, हे मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारल्याशिवाय टेम्पोत काहीही चढवू नये. कदाचित त्यांना प्रिंटर हवा असेल, कदाचित जुन्याच चार यंत्रांची दुरुस्ती हवी असेल. दहा बंद यंत्रांपेक्षा दोन चालू यंत्रे हजार पटीने बरी.

देताना संच पूर्ण द्यावा. वीजपुरवठ्याची केबल, माउस, कळफलक, मॉनिटरची तार हे सारे त्यात यावे. यातील एक तार नसली तर खेड्यात ती मिळायला तालुक्याला जावे लागते आणि यंत्र तोवर पडून राहते. आतील नाण्याएवढी बॅटरी नवी घालावी. ती संपली की घड्याळ मागे जाते आणि संकेतस्थळे उघडेनाशी होतात, आणि शिक्षकाला वाटते यंत्रच बिघडले. विंडोज १० पुढे सुरक्षित राहणार नसेल तर लिनक्स मिंट किंवा लुबुंटू यांसारखी मुक्त प्रणाली घालून द्यावी. चार जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर ती चांगली चालते, आणि तिच्यावर मराठी युनिकोड टंकन सहज होते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उपलब्ध आहेत, ती यंत्रात आधीच उतरवून द्यावीत. किविक्स या साधनाने मराठी विकिपीडिया इंटरनेटविना वाचता येतो, तोही घालून द्यावा. असे यंत्र जोडले त्या दिवसापासून कामाला लागते.

शाळेखेरीज आणखी एक घेणारा समाजात आहे आणि तो सहसा मागत नाही. वाणिज्य शाखेत शिकणारा, घरी संगणक नसलेला मुलगा किंवा मुलगी. टॅलीप्राइम ‘एज्युकेशनल मोड’मध्ये परवान्याशिवाय चालते. महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि एकतिसाव्या तारखेच्याच नोंदी त्यात करता येतात, परंतु शिकण्यापुरते तेवढे पुष्कळ झाले. आधार संपलेले विंडोजचे यंत्र इंटरनेटला न जोडता या कामासाठी निर्धास्त वापरता येते. एखाद्या विद्यार्थ्याला असे यंत्र देऊन महिनाभर संध्याकाळी पेढीवर प्रत्यक्ष नोंदी पाहायला बसू दिले, तर त्या यंत्राची किंमत विक्रीच्या भावाच्या कितीतरी पुढे जाते. असे देणे गाजावाजा न करता व्हावे, हे वेगळे सांगायला नको.

जे यंत्र चालतच नाही त्याची वाट तिसरी. ते भंगारवाल्याला देऊ नये, मग भाव थोडा बरा मिळत असला तरी. दिल्लीच्या सीलमपूर भागात आणि चीनमधील ग्वीयू येथे अशा यंत्रांचे वर्षानुवर्षे काय होत आले, याचे वृत्तांत जगभर प्रसिद्ध झाले आहेत. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळणे, सोन्याच्या कणांसाठी पट्ट्या आम्लात बुडवणे, आणि ते काम उघड्या हातांनी करणारी माणसे, काही ठिकाणी मुलेही. २००५ च्या आसपासचे जुने, पोट आलेले मॉनिटर अजून ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे, की त्यांच्या काचेत किलोच्या मापात शिसे असते. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेला.

भारतात ई-कचऱ्याचे सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. हजार किंवा अधिक उपकरणे वापरणाऱ्या संस्थांवर त्यात विशेष जबाबदारी आहे. पेढी किंवा लहान ट्रस्ट त्यात येत नाही, पण मार्ग सर्वांना तोच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियाकाराला किंवा त्याच्या संकलन केंद्राला यंत्र द्यावे आणि पावती घ्यावी. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था अशा वस्तू गोळा करते. पाच-सहा कुटुंबांनी किंवा एका गल्लीतील दुकानांनी मिळून माल एकत्र केला, तर बहुतेक ठिकाणी उचलून नेण्याची सोय होते. यूपीएसची बॅटरी मात्र वेगळी काढावी. तिला २०२२ चे बॅटरीविषयक निराळे नियम आहेत, आणि नवी घेताना जुनी परत घेऊन दुकानदार किमतीत वळते करून देतो. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू नये, टोचू नये, आणि तो लॅपटॉप तशाच स्थितीत कोणाला दानही करू नये.

राहता राहिली संस्थेच्या मालकीच्या यंत्रांची गोष्ट. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ३६ ची पूर्वपरवानगी स्थावर मालमत्तेला लागते, संगणक जंगम आहे. तरीही तो विश्वस्तांपैकी कोणाच्या घरी ‘तात्पुरता’ जाऊन तेथेच राहू नये, यासाठी सभेत ठराव करावा. यंत्राचा अनुक्रमांक, घेणाऱ्याचे नाव, मिळालेली रक्कम किंवा दानाचा उल्लेख, आणि माहिती कोणी कोणत्या तारखेला पुसली याची नोंद इतिवृत्तात घ्यावी, आणि मालमत्तेच्या नोंदवहीतील ओळ त्याच दिवशी लाल शाईने कमी करावी.